मांडणशिल्प उभं राहण्याआधी: पूर्वरेखाटन कसं करावं

मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन), म्हणजे एखाद्या जागेतच मांडून उभं केलेलं काम, करायचं ठरलं की नवखा कलावंत बहुतेक वेळा एक देखणं चित्र काढतो. खोलीच्या मधोमध शिल्प, वरून पडणारा तिरका प्रकाश, कोपऱ्यात सही. चित्र पाहून मन भरतं. पण ते हातात घेऊन सुतार काम सुरू करू शकत नाही आणि शिल्प दारातून आत जाईल की नाही, हेही त्यावरून कळत नाही. माझ्या मते पूर्वरेखाटनाचं काम एकच: साहित्य विकत घेण्याआधी कल्पनेला प्रश्न विचारणं. कागदावर चुकीचं उत्तर मिळालं तर पान उलटता येतं, लोखंडात मिळालं तर ते कापावं लागतं.

या लेखात एकच कल्पित काम शेवटपर्यंत सोबत घेऊ. एक लांब बाक. एका टोकाला तो नेहमीसारखा, बसता येईल असा. पुढे पुढे त्याची बैठक उंच होत जाते आणि दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाच्या डोळ्यांच्याही वर पोचते. विषय आहे वाट पाहणं. सुरुवातीला मनात आलेली मापं अशी: लांबी ६ मीटर, रुंदी ४० सेंटीमीटर, खालच्या टोकाची उंची ४५ सेंटीमीटर, वरच्या टोकाची १६५. खोली ८ मीटर लांब, ५ मीटर रुंद. यातली कुठली मापं टिकतात ते बघत जाऊ.

आधी वाक्य, मग रेघ

वहीचं पहिलं पान रेखाटनासाठी वापरू नका. तिथे एक वाक्य लिहा. संकल्पनेवर उभ्या असलेल्या कामात शब्द हा रेखाटनाचाच भाग असतो. सोल लेविट या अमेरिकी कलावंताने १९६८ पासून भिंतीवरची रेखाटनं केली, म्हणजे खरं तर त्यांच्या सूचना तयार केल्या. भिंतीवर रेघा ओढायचं काम बहुतेकदा दुसऱ्यांनी केलं. लेविट २००७ मध्ये गेला, तरी त्या सूचनांवरून त्याची भित्तिरेखाटनं आजही नव्याने काढली जातात. सूचना नेमकी असेल तर मूळ हात नसतानाही काम उभं राहतं.

वाक्य लिहिताना एक पथ्य पाळा: त्यात पाहणाऱ्या माणसाला काय होतं ते आलं पाहिजे. ‘हे शिल्प आधुनिक जीवनातील प्रतीक्षेचं प्रतीक आहे’ या वाक्यावरून एकही रेघ ओढता येत नाही. त्याऐवजी ‘बाकावर बसावंसं वाटावं, पण जसजसं पुढे जावं तसतसं बसणं अवघड आणि शेवटी अशक्य व्हावं’ असं लिहिलं की त्यात उंची आली, चालणं आलं, शरीर आलं. पुढे प्रत्येक निर्णय याच वाक्यासमोर उभा करायचा. मला तर हे वाक्य स्वतंत्र कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवून ठेवायची सवय लागली आहे, कारण रेघांच्या नादात ते हमखास विसरतं.

सुट्या चिठोऱ्यांवर सुचलेलंही फेकू नका. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने काचेवरचं आपलं मोठं काम १९१५ ते १९२३ या काळात केलं. त्यासंबंधीच्या नोंदी आणि रेखाटनं त्याने जपून ठेवली आणि १९३४ मध्ये एका हिरव्या खोक्यात, सुट्या कागदांच्या हुबेहूब प्रतिकृती करून प्रसिद्ध केली. मूळ कागद जसे फाटले होते तशाच कडा त्या प्रतींना दिल्या होत्या. काम समजून घ्यायचं तर त्या कागदांचीही गरज आहे, असं त्याला वाटत होतं.

काडेपेटीएवढी वीस रेखाटनं

आता पेन घ्या. पेन्सिल नको, कारण पेन्सिलीबरोबर खोडरबर येतं आणि खोडरबर आलं की पहिलंच रेखाटन गोंजारत बसायला होतं. एका पानावर काडेपेटीच्या आकाराचे चौकोन आखा आणि प्रत्येकात दोन-तीन मिनिटांत एक पर्याय काढा. छटा नको, सजावट नको. मागच्या चौकोनापेक्षा पुढच्यात एकच गोष्ट बदला.

बाकाच्या बाबतीत ते असं होईल: बाक सरळ, बाक गोलाकार, मधून तुटलेला, समोरासमोर दोन बाक. बैठक सपाटच, पण अरुंद होत जाणारी. बैठक उंच होते पण पाय गायब, म्हणजे भिंतीतून निघालेली. पहिली चार-पाच रेखाटनं बहुधा तुम्ही कुठेतरी पाहिलेल्या कामांचीच निघतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, ती कागदावर उतरवून टाकली की हात मोकळा होतो. दहाव्या-बाराव्या चौकोनानंतर सुचेनासं होतं आणि तिथेच थांबावंसं वाटतं. थांबू नका. स्वतःच्या मालकीचं जे असतं ते बहुधा त्या कोरड्या टप्प्याच्या पलीकडे सापडतं.

वीस झाले की पान भिंतीवर लावा आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी सर्वांत सुंदर दिसतं ते निवडू नका. ज्याच्याकडे पाहताना ‘मग इथे काय होईल?’ असा प्रश्न पडतो, ते निवडा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळेच मोठे शिल्पकार रेखाटनातून जात नाहीत. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) तंतूंच्या दोरांना गाठी मारत माणसाहून उंच शिल्पं घडवायच्या, आणि त्यासाठी आधी रेखाटन किंवा नमुना करत नसत. आकार हातातच वाढत जायचा. तुमचं काम तुमच्याच हातात, तुमच्याच गतीने घडणार असेल तर तोही मार्ग खुला आहे. मात्र कामात सुतार, वेल्डर, वीजतंत्रज्ञ आणि अनोळखी खोली आली, की या सगळ्यांशी बोलायला कागद लागतोच.

जागा स्वतः मोजा

आयोजकांनी पाठवलेला नकाशा घ्या, पण त्यावर विसंबू नका. मोजपट्टी घेऊन स्वतः जा आणि सोबत एक माणूस न्या. लांबी-रुंदी मोजून झाल्यावर दोन्ही कर्णही मोजा. ८ बाय ५ मीटरच्या काटकोनी खोलीचा कर्ण साधारण ९ मीटर ४३ सेंटीमीटर भरतो. दोन कर्णांत फरक आला तर खोली गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत, आणि एका भिंतीला समांतर ठेवलेला बाक दुसऱ्या भिंतीला तिरका दिसणार. छताची उंची एकाच जागी मोजून भागत नाही. तुळई, एअर कंडिशनिंगचे पाइप, दिव्यांच्या पट्ट्या यांच्या खाली वेगळी उंची मिळते. एकदा मी छतापर्यंतची उंची लिहून आणली आणि तुळईखालची विसरलो. टांगायचं काम हातभर खाली आलं, आणि लोक ज्याच्याखालून मोकळेपणाने चालणार होते त्याच्याखालून वाकून जाऊ लागले. कामाचा अर्थच बदलला. तेव्हापासून खोलीतली सर्वांत कमी उंची मी आधी शोधतो.

दार कोणत्या बाजूला उघडतं, खिडकीतून ऊन किती वाजता कुठवर येतं, विजेचे सॉकेट कुठे आहेत, भिंतीत खिळा आणि जमिनीत बोल्ट चालेल का, हे सगळं त्याच भेटीत लिहून घ्या. खोलीपर्यंतची वाटही मोजा: जिन्याचं वळण, लिफ्टचं दार, व्हरांड्याची रुंदी. पाच-सहा मीटरची वस्तू खोलीत मावते, पण जिन्याच्या वळणावर अडते.

जमीन सपाट आहे असं गृहीत धरू नका. वॉल्टर द मारिया या अमेरिकी कलावंताचं १९७७ मधलं न्यू मेक्सिकोतलं काम यासाठी कायम आठवावं. एक मैल बाय एक किलोमीटरच्या माळावर स्टेनलेस स्टीलचे ४०० खांब, आणि सगळ्यांची टोकं एका पातळीत. माळ उंचसखल असल्यामुळे खांबांची लांबी सारखी नाही. सर्वांत आखूड साधारण साडेचार मीटरचा, तर सर्वांत लांब आठ मीटरहून थोडा जास्त. वरची ती अदृश्य सपाटी मिळवायला आधी खालची जमीन तपशीलवार मोजावी लागली. आपल्या खोलीत प्रश्न एवढा मोठा नसेल, पण पाच मीटरमध्ये दोन सेंटीमीटरचा उंचसखलपणा असला तरी बाकाचे पाय डुगडुगतात.

प्लॅन: वरून पाहणं

आता आखणी. ए-३ कागद आणि १:२० हे प्रमाण नवख्यासाठी सोयीचं आहे. प्रत्यक्षातला १ मीटर कागदावर ५ सेंटीमीटर होतो, म्हणजे आपली खोली ४० बाय २५ सेंटीमीटरमध्ये बसते आणि ए-३ च्या ४२ बाय २९.७ सेंटीमीटरमध्ये थोडी कडही उरते. इथे पेन्सिल घ्या. आखणीच्या रेघांना २एच, ठळक रेघांना एचबी. खोलीचा प्लॅन एकदाच नीट काढा आणि शिल्प मात्र वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर काढा, म्हणजे दहा पर्याय केले तरी खोली पुन्हा काढावी लागत नाही.

सहा मीटरचा बाक मधोमध ठेवला तर दोन्ही टोकांना एक-एक मीटर उरतो. ठीक वाटतं. मग दाराचं पान काढा, त्याचा फिरण्याचा चाप कंपासने आखा. दार आखूड भिंतीत आहे, आत उघडतं आणि पान ९० सेंटीमीटरचं आहे. पान पूर्ण फिरताना त्याची कड बाकापासून फक्त १० सेंटीमीटरवर येते. शिवाय आत पाऊल टाकताच बाक गुडघ्याला लागतो, तो पूर्ण दिसतच नाही. आपलं वाक्य म्हणतं, ‘बसावंसं वाटावं’. अंगावर येणाऱ्या वस्तूवर कुणाला बसावंसं वाटेल? म्हणून बाक ५ मीटरचा केला, दाराकडे २ मीटर मोकळे ठेवले आणि पलीकडे १ मीटर. एक मीटर लांबी गेली, पण काम पुढे सरकलं.

यानंतर माणसांच्या वाटा तुटक रेघांनी काढा. आत येणारा कुठून वळेल, कुठे थांबेल, दोघं समोरासमोर आले तर काय? चाकाच्या खुर्चीला सरळ जायला निदान ९० सेंटीमीटर आणि पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाची जागा धरा. आपल्या बाकाच्या दोन्ही बाजूंना २ मीटर ३० सेंटीमीटर उरतात, तेव्हा ती अडचण नाही.

ही वाट हलक्यात घेऊ नका. अमेरिकी शिल्पकार रिचर्ड सेरा यांची न्यूयॉर्कमधल्या सरकारी चौकातली, १९८१ साली उभारलेली पोलादी भिंत सुमारे ३६ मीटर लांब आणि साडेतीन मीटरहून उंच होती, आणि चौक ओलांडणाऱ्यांना ती वळसा घालायला लावायची. चालण्यातून जागेची जाणीव बदलावी, हाच सेरा यांचा हेतू होता. तिथे रोज काम करणाऱ्या अनेकांना तो वळसा अडथळा वाटला, मोठा वाद झाला, जाहीर सुनावणी झाली आणि १९८९ मध्ये ती काढून टाकली गेली. बाजू कुणाचीही घ्या, प्लॅनवरची तुटक रेघ हीसुद्धा कामाची सामग्री आहे, एवढं त्यातून दिसतं. ती जाणूनबुजून काढलेली असावी.

सेक्शन: इथेच खरं काम घडतं

नवखे कलावंत प्लॅन काढतात, समोरून दिसणारं चित्र काढतात आणि सेक्शन टाळतात. खोली उभी चिरली तर जे दिसेल ते म्हणजे सेक्शन. शिल्पाचं शरीराशी नातं काय, ते फक्त तिथे कळतं. म्हणून याला सर्वांत जास्त वेळ द्या. मी तर एका कामाचे पंधरा-वीस सेक्शन काढतो.

आधी माणसं तयार करा. १:२० मध्ये १६० सेंटीमीटरची व्यक्ती ८ सेंटीमीटरची होते. जाड कागदावर एक उभी, एक बसलेली, एक लहान मूल आणि एक चाकाच्या खुर्चीतली व्यक्ती काढून कापून घ्या. उभ्या व्यक्तीच्या डोळ्यांची उंची साधारण दीड मीटर किंवा थोडी वर धरा, खुर्चीत बसलेल्याची सुमारे १ मीटर २० सेंटीमीटर. ही बाहुली आता रेखाटनावर सरकवायची.

बाकाची बैठक सरळ रेषेत चढवली तर ५ मीटरमध्ये १२० सेंटीमीटर, म्हणजे दर मीटरला २४ सेंटीमीटर चढ. पहिल्या मीटरच्या शेवटीच उंची ६९ सेंटीमीटर होते. बाहुली तिथे बसवून पाहा: पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणजे बाकाचा जेमतेम एक मीटर बसण्याजोगा, त्यातही बैठक तिरकी. आमंत्रण द्यायच्या आधीच आपण ते मागे घेतलं.

दुसरा पर्याय: पहिले २ मीटर सपाट, मग चढ. उरलेल्या ३ मीटरमध्ये १२० सेंटीमीटर चढायचे म्हणजे दर मीटरला ४० सेंटीमीटर. काढून पाहिलं तर मधोमध एक कोपरा तयार होतो आणि सगळं घसरगुंडीसारखं दिसू लागतं. मुलं धावत येतील आणि वरच्या टोकापर्यंत चढतील. वाक्यात खेळ नाही, वाट पाहणं आहे. हा पर्याय गेला.

तिसरा: चढ हळूहळू वाढणारी वक्र रेषा. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात उंची वाढवली तर आकडे असे येतात. सुरुवातीला ४५ सेंटीमीटर, १ मीटरवर सुमारे ५०, २ मीटरवर ६४, ३ मीटरवर ८८, ४ मीटरवर १२२ आणि शेवटी १६५. हे बिंदू आलेखकागदावर मांडून हाताने जोडा. आता बाहुली सरकवा. पहिल्या मीटरवर ती आरामात बसते, उंची वाढल्याचं तिला जाणवतही नाही. दुसऱ्या मीटरच्या शेवटी बसता येतं, पण पाय लोंबकळतात. मोठा माणूस अचानक लहान मुलासारखा दिसतो.

हे आपण ठरवलं नव्हतं. वाट पाहणारा माणूस लहान होत जातो, हा अर्थ वाक्यात कुठेच नव्हता, तो सेक्शनमध्ये सापडला. असं काही सापडलं की पहिल्या पानाकडे परत जा आणि वाक्य दुरुस्त करा, जुनं वाक्य मात्र खोडू नका. पुढचा प्रश्नही इथेच पडतो: तीन मीटरच्या पुढे, जिथे बसणं शक्य नाही, तिथे माणूस काय करेल? ८८ सेंटीमीटरवर तो बाकाला टेकून उभा राहील, १२२ वर कोपर ठेवेल. १६५ वर बैठकीची खालची बाजू डोळ्यांसमोर येईल. म्हणजे खालची बाजूही घडवावी लागणार. वरून गुळगुळीत आणि खालून खिळे, पाचरी उघड्या ठेवायच्या का? मला तो विचार आवडतो, पण तुमचं उत्तर वेगळं असू शकतं.

साहित्य आणि वजन

कागदाच्या कडेला वजनाचं गणित मांडा. घनफळ गुणिले घनता, एवढंच. ५ मीटर लांब, ४० सेंटीमीटर रुंद बैठक धरा. वक्रामुळे लांबी थोडी वाढेल, पण अंदाजाला हे पुरे. लाकूड ४ सेंटीमीटर जाड, घनता घनमीटरला सुमारे ७०० किलो: ५६ किलो. पोलादी पत्रा १ सेंटीमीटर जाड, घनता ७,८५०: १५७ किलो. काँक्रीट ८ सेंटीमीटर जाड, घनता साधारण २,४००: ३८४ किलो. पाय आणि आधार वेगळे. हे तीन आकडे शेजारी लिहिले की अनेक प्रश्न तिथल्या तिथे मिटतात: किती माणसं उचलणार, किती तुकडे करायचे, जमीन पेलेल का.

उंच टोकाकडे खास लक्ष द्या. तो तुकडा सुटा उभा केला, त्याच्या पायांची रुंदी ४० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य १२० सेंटीमीटरच्या आसपास असला, तर बाजूने १० अंशही कलायच्या आत तो कोसळेल. कुणीतरी त्याला लटकणार, हे धरूनच चाला. जमिनीवर रुंद पोलादी पाट, पायात लपवलेलं वजन किंवा जमिनीत बोल्ट, यातला जो उपाय घ्याल तो रेखाटनात दिसला पाहिजे. ज्यावर लोक बसणार किंवा जे लोकांच्या डोक्यावर टांगणार, त्याचं रेखाटन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कामाला लागू नका. यात तडजोड नाही.

साहित्याची चव रेखाटनातही आणता येते. रेचल व्हाइटरीड ही ब्रिटिश शिल्पकार वस्तूंच्या आतल्या आणि खालच्या पोकळ्या प्लास्टरसारख्या साहित्याने भरून त्यांचे आकार ओतून काढते. तिच्या अनेक रेखाटनांत आलेखकागदावर चुका झाकायचा पांढरा व्हाइटनर वापरलेला दिसतो. व्हाइटनर कागदावर थर बनून बसतो, किंचित फुगतो, सुकून तडकतो, अगदी प्लास्टरसारखा. तुमचा बाक काँक्रीटचा असेल तर त्याचं एक रेखाटन कोळशाने, दाबून, जड हाताने करा. लाकडाचा असेल तर रेघ शिरांच्या दिशेने ओढा. ही रेखाटनं मोजमापाला उपयोगी नाहीत, पण हे साहित्य मला का हवंय याचं उत्तर ती देतात.

सावली मोजता येते

कॉर्नेलिया पार्कर या ब्रिटिश शिल्पकाराने १९९१ मध्ये बागेतली अवजारांची एक खोपटी ब्रिटिश सैन्याकडून स्फोटाने उडवून घेतली आणि तिचे तुकडे एका दिव्याभोवती टांगले. खोलीच्या भिंतींवर पडलेल्या सावल्यांमुळे स्फोट अजून चालूच आहे असं वाटतं. तिथे दिव्याची जागा बदलली तर शिल्पच बदलेल. तरीही प्रकाश ‘नंतर बघू’ म्हणून सोडण्याची चूक नवखे सर्रास करतात.

सेक्शनवर दिवा एका बिंदूने दाखवा, तिथून वस्तूच्या वरच्या कडेवरून सरळ रेघ ओढा. ती जिथे जमिनीला किंवा भिंतीला भिडते तिथवर सावली. आपला दिवा बाकाच्या खालच्या टोकाच्या बरोबर वर, ३ मीटर ३० सेंटीमीटर उंचीवर धरू. १६५ सेंटीमीटरचं उंच टोक त्यापासून ५ मीटरवर आहे आणि त्याच्या पलीकडे एका मीटरवर भिंत. रेघ भिंतीला १ मीटर ३२ सेंटीमीटर उंचीवर लागते. म्हणजे बाकाच्या टोकाची सावली भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर पडेल. मी असतो तर हा दिवा तसाच ठेवला असता.

पुठ्ठा आणि चिकटपट्टी

१:१० प्रमाणात पुठ्ठ्याचं मॉडेल करा, बाक ५० सेंटीमीटरचा होईल. सुबकपणा नको, एका दुपारचं काम. मोबाइलचा कॅमेरा मॉडेलमधल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटरवर धरून फोटो काढा. वरून पाहिलेलं मॉडेल नेहमीच छान दिसतं आणि नेहमीच फसवतं.

त्यानंतर शक्य असेल तर प्रत्यक्ष खोलीत, नाहीतर कुठल्याही मोकळ्या जागेत, मास्किंग टेपने जमिनीवर बाकाचा खऱ्या मापाचा आकार आखा. उंच टोकाजागी ओळंब्याची दोरी बांधून १६५ सेंटीमीटरवर गाठ मारा. त्याभोवती चाला. कुणा दुसऱ्यालाही काही न सांगता चालू द्या आणि ते कुठे थांबतात ते प्लॅनवर फुलीने नोंदवा.

एकाच कामाची तीन वेगवेगळी पानं

इथवरचं सगळं स्वतःसाठी होतं. आता ते दुसऱ्यांना वाचता आलं पाहिजे, आणि वाचणारा बदलला की पान बदलतं.

कारागिरासाठीच्या पानावर छटा आणि भावना नकोत. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, प्रत्येक माप एकदाच, बाणांसह. प्लॅन, सेक्शन, दोन्ही बाजू, सांध्याचं मोठं करून काढलेलं रेखाटन. वक्र रेषेसाठी दर २० सेंटीमीटरवरच्या उंचीचा तक्ता द्या, नुसती वळणदार रेघ देऊन सोडू नका, नाहीतर ती सुताराच्या मनातली रेघ होईल. खाली प्रमाण, तारीख आणि कितवी आवृत्ती ते लिहा. ‘रेघ मोजू नये, लिहिलेलं माप धरावं’ ही ओळ असू द्या, कारण छपाईत प्रमाण सरकतं. जुनी आवृत्ती कारागिराकडून आठवणीने परत घ्या.

निवड समितीला किंवा आयोजकांना एकच मोठं दृश्य द्या, डोळ्यांच्या पातळीवरून, त्यात माणूस हवाच. सोबत प्लॅन लहान आकारात, साहित्य, वजन, विजेची गरज. या प्रकारच्या पानांचा सर्वोत्तम अभ्यास, इमारती कापडात गुंडाळणाऱ्या क्रिस्तो या कलावंताच्या रेखाटनांतून होतो. त्याच्या अनेक पानांना दोन भाग असत: एकात पेन्सिल, कोळसा, मेणखडूने काढलेलं दृश्य, तर दुसऱ्यात नकाशा, तांत्रिक मापं, कधी कापडाचा तुकडाही चिकटवलेला. पाहणाऱ्याला स्वप्न आणि हिशोब एकाच नजरेत मिळतो. क्रिस्तो आणि त्याची पत्नी व सहकलावंत जान-क्लोद यांनी आपल्या प्रकल्पांचा खर्च प्रामुख्याने अशाच पूर्वरेखाटनांच्या आणि इतर कलाकृतींच्या विक्रीतून उभा केला. बर्लिनची राइशस्टाग इमारत कापडात गुंडाळण्याची कल्पना १९७१ ची, ती घडली १९९५ मध्ये. मधली चोवीस वर्षं ते काम लोकांपुढे होतं ते रेखाटनांतून आणि मॉडेलमधून. पॅरिसमधली आर्क द त्रियोंफ ही विजयकमान गुंडाळली गेली सप्टेंबर २०२१ मध्ये, २५,००० चौरस मीटर कापड आणि ३,००० मीटर लाल दोर वापरून. क्रिस्तो त्याआधीच, मे २०२० मध्ये गेला होता. त्याने ठरवून ठेवलेल्या आराखड्यांप्रमाणे त्याच्या सहकाऱ्यांनी ते पूर्ण केलं.

तिसरं पान मांडणाऱ्या मंडळींसाठी: कोणता तुकडा आधी आत न्यायचा, कुठे टेकवायचा, बोल्ट कोणत्या क्रमाने कसायचे, दिवा कितव्या मिनिटाला नव्हे तर कितव्या पायरीला लावायचा. यात मोठ्या आकड्यांनी क्रम घाला. तुम्ही आजारी असाल तरी काम उभं राहील इतकं ते स्पष्ट हवं.

कोळशाच्या रेखाटनांवर, ती पुसली जाऊ नयेत म्हणून, फिक्सेटिव्हचा फवारा मारा, ट्रेसिंग पेपर गुंडाळू नका, सपाट ठेवा, प्रत्येक पानामागे तारीख टाका. सगळी पानं स्कॅन करून घ्या, नाकारलेले पर्यायसुद्धा. घसरगुंडीवाला बाक उद्या दुसऱ्या कामाला लागेल.

आणि काम एकदा उभं राहिलं की पूर्वरेखाटन थांबवा. क्रिस्तो प्रकल्प पूर्ण झाल्यावर त्याची रेखाटनं पुन्हा करत नसे, आणि मला तो नियम फार योग्य वाटतो. घडलेल्या वस्तूची नंतर काढलेली रेघ काही विचारत नाही. त्याऐवजी एक वेगळं पान भरा, ‘प्रत्यक्ष’ असं शीर्षक देऊन: उंच टोक शेवटी किती सेंटीमीटरवर आलं, वक्र कुठे बदलावा लागला, पायाखाली किती जाडीची पाचर सरकवली, दिवा कुठे हलवला, तुकडे कोणत्या क्रमाने सुटतात. बाक दुसऱ्या खोलीत मांडायची वेळ येईल तेव्हा आधी हेच पान काढावं लागेल.